पळते किती, यापेक्षा थांबते कशी : कोल्हापूरच्या रानासाठी युटिलिटी एटीव्हींची तुलना

एटीव्हीची, म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल आणि चार फुगीर टायर असलेल्या, रानात चालवायच्या गाडीची चौकशी करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न 'पळते किती?' हाच असतो, आणि कोल्हापुरात तो जरा जास्तच हौसेने विचारला जातो. सात-आठ लाख रुपये मोजणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कही आहे. परंतु करवीरच्या काळ्या रानात, आजऱ्याच्या जांभ्यावर किंवा गगनबावड्याकडच्या तांबड्या, निसरड्या उतारावर ही गाडी ज्या वेगाने शहाणपणाने चालवता येते, तो वेग सगळ्यांत साधी युटिलिटी एटीव्हीसुद्धा सहज गाठते. त्यामुळे या तुलनेत वेगाचा विचार मी केला आहे, पण निकाल त्यावर दिलेला नाही. निकाल दिला आहे तो राड, चाकोरी आणि उतार या तीन गोष्टींवर.

तुलनेत प्रामुख्याने तीन गाड्या आहेत : पोलारिस स्पोर्ट्‌समन ५७०, यामाहा ग्रिझली ७०० आणि होंडा रँचर ४२०. चौथी, कॅन-ॲम आउटलँडर १०००आर, केवळ वेगाच्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून घेतली आहे. यांपैकी पोलारिस भारतात अधिकृतपणे विकली गेलेली गाडी असून ती मी एका मित्राच्या पंचगंगेकाठच्या उसात आणि त्याच्याच आजऱ्याकडील काजूच्या बागेत मनसोक्त चालवली आहे. उरलेल्या गाड्या चालवल्या त्या ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागात, जिथे माझा मावसभाऊ दुधाच्या गोठ्यावर कामाला आहे. तिथला पाऊस, चिकण माती आणि चढउताराची कुरणे पाहिली की शाहूवाडी-भुदरगड डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तिथला अनुभव इकडे लावून पाहणे फारसे अवघड गेले नाही.

सगळ्यांत आधी पाणंदीविषयी लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे 'ट्रेल' म्हणून जो रस्ता वाट्याला येतो तो बहुतेक वेळा पाणंदच असतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या महिनोन्‌महिने एकाच पाणंदीतून जातात आणि दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात. मधला उंचवटा वाळून दगडासारखा होतो. बैलगाडी आणि ट्रॅक्टर या चाकोऱ्यांत नीट बसतात, कारण त्या त्यांनीच पाडलेल्या असतात. एटीव्ही मात्र साधारण चार फूट रुंद असते. तिची दोन्ही बाजूंची चाके एकाच वेळी चाकोरीत उतरत नाहीत. एक बाजू खोलगटात, दुसरी उंचवट्यावर, अशी तिरकी चाल सुरू होते. पावसाळ्यात चाकोऱ्या पाण्याने भरल्या की खोली कळत नाही आणि पुढचे एक चाक अचानक फूटभर खाली जाते. अशा वेळी हँडल हिसडा मारते, अंगठा नकळत थ्रॉटलवर (या गाडीचा ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो) दाबला जातो आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे पुढे उसळते. एटीव्ही खऱ्या अर्थाने तपासली जाते ती या पन्नास-शंभर फुटांत.

पोलारिसने ही परीक्षा चांगली दिली. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पुढच्या चाकांची हालचाल सुमारे २१ सेंटिमीटर आणि मागच्यांची सुमारे २४ सेंटिमीटर होते. पोटाखाली जवळपास २८ सेंटिमीटर जागा राहते. एक चाक चाकोरीत गेले तरी उरलेली तीन जमीन सोडत नाहीत आणि मधला उंचवटा पोटाला घासत नाही. पाणंद संपून रान लागले की हीच गाडी गादीसारखी चालते. ५६७ सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन ४४ अश्वशक्तीचे आहे. मोकळ्या, सपाट जागी ते गाडीला ताशी ९० किलोमीटरच्या पुढे नेऊ शकते, मात्र ही माहिती आपल्या बाजूला बढाई मारण्यापुरतीच उपयोगाची आहे.

तिची फोर-व्हील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बटण दाबून 'ऑल-व्हील' निवडले तरी पुढची चाके लगेच ओढू लागत नाहीत. मागची चाके घसरू लागली की पुढचा क्लच आपोआप जोडला जातो आणि मग पुढची दोन्ही चाके एकत्र ओढतात. चालकाला काही ठरवावे लागत नाही, हा फायदा मोठा आहे. तोटा एवढाच, की काळ्या मातीच्या राडीत मागची चाके घसरून जोड बसेपर्यंत ती थोडीशी खणतात. काळी माती एकदा खणली गेली की टायरच्या नक्षीत ती लिंपली जाते आणि टायर गुळगुळीत होतो, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. म्हणून राड दिसली की आधीच लो गिअर टाकून, थ्रॉटल न सोडता एकसारख्या चालीने जाणे हाच उपाय आहे.

पोलारिसच्या ब्रेकविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. तिच्या डाव्या हातात एकच लिव्हर असते आणि ती चारही चाकांना ब्रेक लावते. मागच्या चाकांसाठी पायाने दाबायचा ब्रेक वेगळा असतो. आपल्याकडचा प्रत्येक मोटारसायकलस्वार डाव्या लिव्हरला क्लच समजूनच लहानाचा मोठा झालेला आहे. अडचणीच्या क्षणी तो 'क्लच' ओढतो आणि गाडी जागच्या जागी गच्च थांबते. सपाटीवर यात हसण्यापलीकडे काही होत नाही, पण ओल्या उतारावर चारही चाके एकदम धरली की गाडी घसरगुंडीवरून उतरल्यासारखी जाते. नव्या चालकाने पहिला तास मोकळ्या खळ्यावर फक्त थांबण्याचा सराव करावा. यामाहा आणि होंडा यांच्या हँडलवर पुढचा ब्रेक उजवीकडे आणि मागचा डावीकडे असल्यामुळे स्कूटर चालवलेल्या माणसाला त्या लवकर अंगवळणी पडतात.

ग्रिझलीचे ६८६ सीसीचे इंजिन कागदावर पोलारिसपेक्षा फार वेगळे वाटत नाही, पण चालवताना फरक पहिल्या चढालाच कळतो. खालच्या फेऱ्यांवरची ओढ अशी आहे, की चढावर अंगठा अर्धाही दाबावा लागत नाही. तरीही तिचा खरा गुण चढाचा नसून उताराचा आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या, म्हणजे सीव्हीटी गिअरबॉक्सच्या साध्या गाड्यांमध्ये थ्रॉटल सोडला की पट्टा सैल पडतो आणि गाडी उतारावर मोकळी सुटते. यामाहाच्या 'अल्ट्रामॅटिक' रचनेत पट्ट्याचा ताण कायम राहतो आणि एकाच दिशेने फिरणारा स्प्रॅग क्लच इंजिनाचा अडसर चाकांपर्यंत पोहोचवतो. परिणामी लो गिअरमध्ये उतार उतरताना ब्रेकला हात लावण्याची वेळच येत नाही. गाडी आपल्या चालीने, दावे धरून उतरवलेल्या बैलासारखी खाली येते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ज्याची जमीन शिरोळात आहे त्याला या गुणाचे महत्त्व वाटणार नाही. ज्याची जमीन पश्चिमेला घाटमाथ्यावर आहे त्याने केवळ एवढ्यासाठी ग्रिझलीचा विचार करावा. पोलारिसमध्येही इंजिन ब्रेकिंगची सोय मिळते, पण आवृत्तीगणिक ती बदलते. आपण घेत असलेल्या आवृत्तीत ती आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे.

ग्रिझलीची फोर-व्हील पद्धतही वेगळ्या विचाराची आहे. बटणाने टू-व्हील, फोर-व्हील आणि पुढचा डिफरन्शियल लॉक (पुढची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा) अशा तीन पायऱ्या चालकाने स्वतः निवडायच्या असतात. राडीत शिरण्यापूर्वीच फोर-व्हील जोडलेली असल्यामुळे मागची चाके खणत बसत नाहीत. लॉक टाकला की मात्र हँडल जड होते आणि वळण मोठे लागते, म्हणून तो अडकल्यावर बाहेर निघण्यापुरताच वापरावा. पुढच्या रॅकवर ५० किलो, मागच्या रॅकवर ९० किलो आणि मागे ओढायला सुमारे ६०० किलो एवढी तिची क्षमता कंपनी सांगते. पोलारिस ५७० चे हेच आकडे साधारण ४१ किलो, ८२ किलो आणि साडेपाचशे किलो असे आहेत. वैरणीच्या भाऱ्यांच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे.

होंडा रँचरविषयी लिहिताना मला थोडे जपून लिहावे लागते, कारण चालवायला सर्वांत कमी मजा तिच्यात येते आणि कामाला सर्वांत जास्त भरवशाची मला तीच वाटली. होंडाने १९८६ मध्ये फोरट्रॅक्स ३५० ही चारही चाकांनी ओढणारी एटीव्ही आणली आणि गोठ्यावरचे काम हेच या जातीच्या गाडीचे खरे क्षेत्र ठरले. रँचर त्याच घराण्यातली आहे. साध्या आवृत्तीत पायाने टाकायचे पाच गिअर आहेत, क्लचची लिव्हर नाही. हे ज्याने हीरो होंडा स्ट्रीटवर गिअर टाकले आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. पट्टाच नसल्यामुळे तो जळण्याचा, भिजण्याचा किंवा बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वजन पावणेतीनशे किलोच्या आत, म्हणजे पोलारिसपेक्षा बरेच कमी. राडीत वजन कमी असणे ही अश्वशक्तीपेक्षा मोठी गोष्ट असते : गाडी रुतली तर दोन माणसे तिचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवू शकतात.

परंतु चाकोरीच्या परीक्षेत रँचर मागे पडते. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत मागचा ॲक्सल सलग, एकसंध आहे. एक चाक खाली गेले की दुसरे त्याच्याबरोबर कलते आणि सगळी गाडी डुलते. पोटाखालची जागाही पोलारिसच्या तुलनेत बरीच कमी, त्यामुळे वाळलेल्या पाणंदीत मधला उंचवटा मागच्या ॲक्सलला घासण्याची शक्यता राहते. वेगळा लो गिअर नसल्यामुळे तीव्र उतारावर पहिल्या गिअरवरच भिस्त ठेवावी लागते; तो पुरेसा आहे, मुबलक नाही. सपाट पट्टा असेल, हौसेपेक्षा काम जास्त असेल, तर मी रँचरच निवडीन.

आता आउटलँडर. ९७६ सीसी, रोटॅक्सचे व्ही-ट्विन इंजिन, ९१ अश्वशक्ती. अंगठा दाबला की माणूस मागे ओढला जातो आणि पुढच्या चाकांवरचे वजन हलके होते. ताशी शंभर किलोमीटर या गाडीला कष्टाचे वाटत नाहीत. गिप्सलँडच्या एका लांबलचक, सपाट कुरणावर मी ती चालवली आणि खाली उतरल्यावर गुडघे थोडे थरथरत होते, हे मान्य करायला हरकत नाही. आजरा-चंदगड भागातल्या बागेत ही ताकद वापरायची कुठे, याचे उत्तर मला सापडलेले नाही. निसरड्या मातीवर अंगठ्याच्या किंचित दाबानेही मागची चाके फिरू लागतात आणि चालकाचे सगळे लक्ष ताकद रोखून धरण्यात जाते. वेग हवाच असेल तर ती खरोखर वेगवान आहे. ट्रेलवर ती पोलारिसच्या पुढे पोहोचेल असे मात्र मी म्हणणार नाही.

वेगाविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा साधारण ५ पीएसआय इतकीच ठेवायची असते. टायर मऊ राहावा, जमिनीवर पसरावा आणि दगड गिळावा, ही त्यामागची योजना आहे. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात गाडी नेली की सवयीप्रमाणे तीस भरली जाते आणि 'आता बघा कशी पळते' असे वर ऐकायला मिळते. तीस पीएसआय भरलेली एटीव्ही प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखी उडते, शिवाय टायरलाही धोका होतो. कमी दाब दाखवणारा वेगळा गेज दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो गाडीबरोबरच घ्यावा. याच मऊ टायरमुळे डांबरी रस्त्यावर वेगात वळण घेताना गाडी विचित्र वागते, आणि सलग ॲक्सल असलेली गाडी तर वळायलाच कुरकुरते. एटीव्ही रस्त्यावर पळवण्यासाठी बनवलेली नाही, असा इशारा उत्पादक स्वतः गाडीवर चिकटवून देतात, तो शोभेसाठी नसतो.

कायद्याच्या बाजूनेही हेच चित्र आहे. सर्वसाधारण एटीव्हीची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, ती खासगी जमिनीतच चालवायची. पोलारिसने स्पोर्ट्‌समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती भारतात आणली, तिची किंमत तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. कल्पना हुशारीची आहे, पण ट्रॅक्टर हा शब्द ऐकून शेतकऱ्याच्या मनात ज्या अपेक्षा उभ्या राहतात त्या ही गाडी पुऱ्या करणार नाही. तिला नांगर लावता येत नाही, रोटाव्हेटर फिरवता येत नाही. साडेचार फुटी सरीतल्या उसात ती शिरते, पण ऊस गुडघ्याच्या वर गेला की तिचे पोट शेंड्यांना लागते आणि तिथून पुढे हंगामभर तिला आत काम नाही. एवढ्याच पैशांत २४ अश्वशक्तीचा फोर-व्हील मिनी ट्रॅक्टर दारात येतो आणि वर पैसे उरतात. बांधावरून वैरण आणि दुधाच्या किटल्या आणण्याचे काम तर टीव्हीएस एक्सएल आजही कोणत्याही एटीव्हीपेक्षा स्वस्तात आणि अरुंद वाटेने करते, कारण चार फूट रुंदीचा बांध आता कोणी ठेवत नाही. म्हणून केवळ शेतीच्या हिशेबावर ही खरेदी कोणी बसवू नये. मोठी डोंगरउताराची बाग, तिथली रोजची फेरी, खत-औषधांची ने-आण आणि सोबत स्वतःची हौस, एवढे सगळे एकत्र आले तरच हिशेब जुळतो.

हौसेच्या बाबतीत जिल्ह्याचा भूगोल फसवा आहे. ज्या जागा पाहून एटीव्ही घ्यावीशी वाटते, नेमक्या तिथेच ती नेता येत नाही. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगडकडील जंगलांनाही तसा दर्जा मिळालेला आहे, आणि राधानगरी तर १९५८ पासूनचे अभयारण्य. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यातली रानफुले त्याच थरात येतात. एटीव्हीची फिरती चाके तो थर एका फेरीत खरवडून काढतात. जे कोणी 'मोकळे पठार आहे, कोण बघतंय' म्हणून गाड्या घालतात त्यांच्याविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. ट्रेल हवा असेल तर तो स्वतःच्या किंवा मित्राच्या जमिनीत आखून घ्यावा. दहा-बारा एकरांच्या उताराच्या बागेत चांगला दीड-दोन किलोमीटरचा फेरा सहज बसतो.

पुराविषयी वारंवार विचारले जाते म्हणून थोडक्यात : २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला एटीव्ही पुराच्या पाण्यात उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ती पडत नाही. कमी हवेचे फुगीर टायर खोल पाण्यात तरंगू लागतात, चाकांची पकड सुटते आणि प्रवाह गाडीला आडवे करतो. शिवाय पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरले की पट्टा घसरतो. तो डबा रिकामा करून, कोरडा होईपर्यंत थांबावे लागते. पूर ओसरल्यानंतर गाळातून फिरण्यासाठी मात्र तिच्यासारखे वाहन नाही.

उलटण्याचा धोका या सगळ्या गाड्यांना सारखाच आहे आणि त्याकडे काणाडोळा करता येत नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून नव्या युटिलिटी एटीव्हीवर चालकाच्या संरक्षणाची कमान सक्तीची झाली. त्या नियमावरून होंडा आणि यामाहा यांनी तिथली एटीव्हीची विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. गाडी उलटली तर कमान चालक आणि गाडी यांच्यात थोडी जागा राखते. मावसभावाच्या गोठ्यावरच्या प्रत्येक गाडीला ती बसवलेली होती आणि तिच्याशिवाय उतारावर जायला तो कोणालाही परवानगी देत नसे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात पाइप वाकवून देणारे कारागीर भरपूर आहेत, पण ही कमान अंदाजाने वेल्डिंग करून बसवण्याची वस्तू नाही, तयार आणि तपासलेलीच घ्यावी. हेल्मेट घालावे. आणि सीट लांब दिसते म्हणून मागे कोणाला बसवू नये, कारण एका चालकासाठीच्या एटीव्हीची ती लांबी चालकाला पुढेमागे सरकून वजन टाकता यावे म्हणून दिलेली असते. 'बस की मागं, काय होत नाही' हे आपल्याकडचे आदरातिथ्य या गाडीवर महागात पडते.

देखभालीचा प्रश्न शेवटी खरेदीचा निर्णय फिरवू शकतो. रॅक वाढवणे, मागचा हूक बदलणे, पोटाखाली जाड पत्रा बसवणे ही कामे उद्यमनगर किंवा शिरोलीत चोख होतात. बुश आणि बेअरिंगही बहुधा जुळवून मिळतात. सीव्हीटीचा पट्टा, सेन्सर आणि फोर-व्हीलच्या स्विचचे भाग मात्र मागवावेच लागतात. एका विक्रेत्याकडून पट्टा येण्यासाठी मित्राला जवळजवळ सगळा पावसाळा थांबावे लागले, आणि तेवढे दिवस गाडी गोठ्यात उभी राहिली. त्यामुळे ग्रिझली कितीही आवडली तरी तिच्या सुट्या भागांची खात्रीची व्यवस्था झाल्याशिवाय ती आयात करून घेण्याचा सल्ला मी देणार नाही. डोंगरउताराची बाग असणाऱ्याने आज पोलारिस ५७० घ्यावी, इंजिन ब्रेकिंगची आवृत्ती मागावी, आणि पैसे देण्यापूर्वीच एक जादा पट्टा, एअर फिल्टर आणि ब्रेक पॅडचा संच बिलात लिहून घ्यावा.